मथुराकाकीची तिसरी पेटी

मथुराकाकी पत्रक वाचायची. हे आधी सांगते, कारण ज्यानं कधी नाक्यावर उभं राहून पत्रकं वाटली आहेत त्यालाच ही केवढी गोष्ट आहे ते कळेल. लोक पत्रक घेतात ते आपल्याला वाटेतून हटवण्यासाठी. मग त्यानं दुचाकीची सीट पुसतात, डब्याचं तेल टिपतात, नाहीतर चार पावलांवर टाकून देतात. अशी टाकलेली पत्रकं उचलून, झटकून, मी पुढच्या माणसाला दिलेली आहेत. काकी मात्र पत्रक दोन्ही हातांत धरायची, ओठ हलवत पहिल्या अक्षरापासून छापखान्याच्या नावापर्यंत वाचायची, चौपदरी घडी करून पिशवीत ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी भांडायला यायची.

आमचं गाव पेण आणि रोह्याच्या मधे, हमरस्ता सोडून आत. सकाळी फाट्यावर धाटावच्या कारखान्यांकडे जाणारी पहिल्या शिफ्टची गाडी येते. त्या रांगेत काकी असायची. एका कंपनीत ती पॅकिंगला होती, ठेकेदाराकडून. म्हणजे वर्षानुवर्षं त्याच यंत्रापुढे उभी, आणि कागदावर कायमची तात्पुरती. वरच्या मोठ्या पेटीतून पावडर खाली यायची, पिशवी भरायची, काकी तिचं तोंड शिवायची. स्वतःच्या तोंडाला बांधायला जे फडकं मिळायचं त्यातून पलीकडचा माणूस दिसायचा. काकी खोकायची. त्या खोकल्यावर मला पुष्कळ लिहायचं आहे आणि मी लिहिणार आहे, पण इथं नाही. इथं तिच्याबद्दल लिहायचं आहे, आणि स्वतःची ओळख खोकल्यानं व्हावी असं तिला मुळीच वाटलं नसतं.

ती बुटकी होती, चालायची भरभर, आणि कुठलीही वस्तू हात लावल्याशिवाय तिला खरी वाटत नसे. दुकानात तांदूळ बघताना हात पोत्यात कोपरापर्यंत. चालू पंपाच्या अंगावर तळवा ठेवून म्हणायची, "ह्याला ताप हाय." कुणी काही सांगू लागलं की तिचा एकच प्रश्न असायचा, "हात लावून बगितलंस?" मी आमदारांच्या आश्वासनाबद्दल सांगत होते तेव्हाही तिनं हेच विचारलं होतं.

आमचं पहिलं भांडण झालं ते वालावरून. गावाच्या खालच्या अंगाची भातशेती मोठमोठ्या गोदामांसाठी घ्यायचं चाललं होतं. सरकारी टिपणात त्या जमिनीपुढे लिहिलं होतं, एकपिकी, खरिपानंतर पडीक. ते वाचून मी पेटले आणि एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. आमची जमीन दुपिकी आहे, भातानंतर वाल देणाऱ्या आमच्या काळ्या आईला पडीक म्हणणाऱ्यांचा धिक्कार असो, वगैरे. 'धिक्कार' ठळक होता.

दुसऱ्या दिवशी काकी रांग सोडून माझ्याकडे आली.

"कुटली गो ही जमीन?"

"आपलीच की. खालच्या अंगाची."

"वाल कोनी केलेत तितं? तुझ्या बापानं केलेत?"

"नाही."

"मी केलेत?"

मी हातातली पत्रकं सारखी करायला लागले.

"मग खोटं सरकारनं लिवलंय का तू?"

गाडी आली आणि ती गेली. रांगेतले दोघंतिघं हसले. मला भयंकर राग आला, आणि रागाचं खरं कारण हे होतं की ती बरोबर बोलत होती. माझ्या लहानपणी त्या सगळ्या खाचरांत वाल असायचे. भात कापलं की जमिनीत जी ओल उरते तिच्यावरच वाल येतात, वरून पाणी लागत नाही. पण ती ओल आठदहा दिवसांची सोबती. तेवढ्यात दाणा मातीत गेला तर गेला. पूर्वी घरातली सगळी माणसं ओळीनं वाकून दाणा दाणा टोचायची. आता ती माणसं तीन शिफ्टमध्ये वाटली गेली आहेत. त्यात आमच्याकडे भात निघालं की गुरं मोकळी सोडतात. एकट्यादुकट्यानं वाल केले तर ते गुरांसाठीच केले म्हणायचे. करायचे तर सगळ्यांनी एकाच आठवड्यात करायला हवेत, मग गुरं बांधून ठेवावी लागतात. हे सगळं मला माहीत होतं. पत्रकात मात्र मी ते लिहिलं नव्हतं. अधिकारी हिवाळ्यात जागेवर येऊन पाहणी करणार होते, आणि त्या दिवशी शेतात वाल नसले तर माझ्या धिक्काराला कुणी विचारणार नव्हतं. जमिनी जाणार होत्या.

त्या रविवारी काकी घरी आली. म्हणाली, "हात नाय म्हनून वाल गेले. हात आता मिळायचे नाय. यंत्र बगू."

यंत्र म्हणजे काय ते तिनं मोबाईलवर पाहून ठेवलं होतं. ट्रॅक्टरच्या मागे जोडायचं टोकण यंत्र, कुणी त्याला प्लँटर म्हणतात. वर बियाण्याच्या पेट्या, प्रत्येक पेटीच्या तळाशी खळगे पाडलेली एक चकती. यंत्राचं चाक जमिनीवर फिरलं की साखळीनं चकती फिरते, प्रत्येक खळग्यात एक दाणा बसतो, नळीतून खाली फाळाने पाडलेल्या चरीत पडतो, मागून माती झाकली जाते. काकी म्हणाली, "आमचंच मशीन गो. वरून पेटी, खालून पिशवी. इतं पिशवीच्या जागी जमीन."

नवं घेण्याची ऐपत नव्हती. रोह्याच्या अलीकडे एका शहरी शेठचं फार्महाऊस आहे. त्याला मध्यंतरी मका पिकवायची हुक्की आली होती, ती दोन हंगामांत विरली. त्याचं तीन ओळींचं यंत्र विकायचं असल्याची खबर पद्माकरनं आणली. पद्माकर म्हणजे गावातला एकुलता एक छोटा ट्रॅक्टरवाला. ट्रॅक्टर छोटा, जीभ मोठी. मला तो आजही 'पत्रकवाली' म्हणतो. दहा घरांनी मिळून यंत्र घ्यायचं ठरलं, आणि बघायला आम्ही तिघं गेलो.

शेठचा पोहण्याचा तलाव भरलेला होता आणि शेजारच्या पाड्यावर बाया टँकरची वाट बघत होत्या. मी तलावाच्या काठी उभी राहून मनातल्या मनात पत्रक लिहीत होते. काकीनं तलावाकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं पिशवीतून एक गोणपाट, कानस, दात घासायचा जुना ब्रश आणि घरचे वाल काढले.

चिकूच्या झाडाखाली यंत्र लालभडक उभं होतं. रखवालदार म्हणाला, "एकदम नवीन आहे मावशी. रंग बघा ना."

"रंग लग्नात बगतात," काकी म्हणाली, आणि बसून कानशीनं एका जागी खरवडायला लागली. रखवालदार हां हां करेपर्यंत लाल रंगाखाली लोखंडाचा जोड दिसला. सांगाडा कधीतरी मोडून वेल्डिंग केलेला होता. पद्माकर म्हणाला, "चला, फसवतायत." काकीनं मात्र जोडावर अंगठा दाबून फिरवला, दोन्ही बाजूंनी हलवून पाहिलं, आणि रखवालदाराकडे वळली.

"जोड चांगला घातलाय की रे. मग झाकलास कशाला?"

तो बिचारा म्हणाला, "साहेबांनी सांगितलं."

"झाकलास म्हनून मला संशय आला. उघडा असता तर मी बगितलाबी नसता."

मग तिनं यंत्र विटांवर चढवायला लावलं, खाली गोणपाट पसरलं, पेट्यांत मूठ मूठ वाल टाकले आणि पद्माकरला चाक फिरवायला बसवलं. "हळू. ट्रॅक्टर चालतो तसा. तू चालवतोस तसा नको." वाल टपटप पडले. तिनं ते उचलून तळव्यावर पसरले. अर्धे फुटलेले. "मक्याची चकती हाय. दाना दुखावतोय." तिनं रखवालदाराला उठवलं आणि त्याच्या खोलीतून, पोहायच्या रबरी चाकांखालून, गंजक्या डब्यात पडलेल्या दुसऱ्या चकत्या शोधून काढल्या. एक बसली. दाणे अख्खे पडायला लागले. तिनं साखळीचा एकेक दुवा बोटांतून सरकवला, फाळांची टोकं पारखली, नळ्या वाकवून भेगा बघितल्या. दोन नळ्या गेलेल्या, एक फाळ झिजलेला. तेवढी किंमत उतरवून यंत्र ठरलं.

निघताना तिच्या लक्षात आलं, तिसऱ्या पेटीच्या झाकणाची बिजागरी तुटलेली होती. झाकण एका बाजूनं बोटभर उघडं राहायचं.

"सुतळीनं बांधू. मग करू," ती म्हणाली.

मी तिच्या तोंडून 'मग करू' एवढं एकदाच ऐकलं.

भात निघालं त्या आठवड्यात काकीनं ठेकेदाराकडे रजा मागितली. तो म्हणाला, पेरायचं असेल तर पेर, मग गेटवर येऊ नको. तिनं गेटपास त्याच्या टेबलावर ठेवला आणि परत आली. मी म्हटलं, काकी, आपण गेटवर धरणं धरू. ती म्हणाली, "धरू. आदी वाल." मग आठ दिवस ती ट्रॅक्टरच्या मागून चालली, पदर खोचून, पायात कंपनीचे रबरी बूट. खाचरं लहान, बांध आडवे. प्रत्येक कोपऱ्यावर पद्माकर यंत्र उचलायचा आणि शिव्या द्यायचा, काकी खालून ओरडायची, "बांधाला शिव्या नको देऊस, तो तुझ्या आज्याच्या आदीचा हाय." ज्याच्या शेतात यंत्र जायचं तो आपलं बियाणं पाटीतून आणायचा आणि पेट्यांत ओतायचा. संध्याकाळी यंत्र तिथंच शेतात उभं राहायचं. सकाळी धुकं, सगळं दवानं भिजलेलं, ऊन आलं की पुन्हा सुरू.

आणि एक चमत्कार दिसायला लागला. प्रत्येकाचे वाल उरायचे. हातानं टोचायला जेवढे लागत तेवढे आणलेले, आणि शेत संपलं की पेटीत चांगले पायलीभर शिल्लक. लोक खूश. म्हातारे यंत्राला नमस्कार करायला लागले. मी कशी मागे राहणार? मी पत्रक काढलं, की सामूहिक यंत्रानं गावाचं बियाणं वाचतं. काकीनं ते फाट्यावर वाचलं, आणि पहिल्यांदाच भांडली नाही. ती थकलेली होती, आणि मला वाटतं थोडी खूशही होती.

नवव्या दिवशी पहिल्या शेतांतून वाल वर आले. मी आणि काकी बघायला गेलो. पहिल्या दिवशी पेरलेलं पहिलं खाचर अगदी ओळीत उगवलेलं. त्याच शेताच्या, दुसऱ्या सकाळी पेरलेल्या खाचरात गेलो. दोन ओळी हिरव्या, तिसरी मोकळी. दोन हिरव्या, तिसरी मोकळी. बांधापासून बांधापर्यंत. त्याच्या पुढच्या शेतातही तसंच.

काकी मोकळ्या ओळीत उकिडवी बसली आणि बोटानं माती उकरत हातभर पुढे सरकली. एक दाणा नाही. ती उठली, यंत्र उभं होतं तिथपर्यंत गेली, सुतळी सोडली, तिसरी पेटी उघडली, आत हात घालून चकती बाहेर काढली. चकतीचे सगळे खळगे करड्या सिमेंटनं भरल्यासारखे बुजलेले होते.

तिनं नखानं एक खळगा उकरला, बोटांत चुरला, जिभेला लावला.

"राख," ती म्हणाली.

आमच्याकडे बियाण्याचे वाल राखेत ठेवतात. चुलीची राख चाळून दाण्यांना चोळायची, मग कीड लागत नाही. आजीनं केलं, आईनं केलं, प्रत्येक घरात तसंच. हातानं टोचताना राख बोटांना लागायची, एवढंच. ती राख पेट्यांत गेली. ज्या दोन पेट्यांची झाकणं घट्ट होती तिथं ती कोरडी राहिली आणि गळून गेली. तिसरीत फटीतून रात्रीचं दव उतरलं, राखेचा चिखल झाला, उन्हानं वाळला. चकती फिरत राहिली, दाणा पडला नाही, आणि मागून माती इमानदारीनं झाकली गेली. वाचलेलं बियाणं म्हणजे ही तिसरी ओळ होती.

दहा घरांत कुणालाच हे सुचलं नाही, कारण वालाला राख असते हे आमच्या डोळ्यांना दिसतच नाही. पण काकीला ते माफ नव्हतं. "कंपनीत पावडरला दमट लागलं की पेटी तुंबते," ती म्हणाली. "रोज हेच बगत होते मी. पेटीतला माल खाली उतरतोय का नाय एवडंच बगायचं काम. आनि इतं पेटी भरलेली ऱ्हायली तर वाल वाचले म्हनत बसले."

मी लगेच बचावाची तयारी केली. म्हटलं, शेठनं मोडकं यंत्र गळ्यात मारलं, हे आपण सांगू शकतो.

काकीनं माझ्याकडे असं बघितलं की ते वाक्य मी आजतागायत पुन्हा उच्चारलेलं नाही.

त्या संध्याकाळी ती नऊ घरी गेली. मी मागे होते, अर्ध्या घरी तर अंगणाच्या बाहेरच. प्रत्येक ठिकाणी तिनं चकती पुढे केली, बोट लावायला लावलं आणि सांगितलं, "चुकी माजी. झाकन मी सुतळीनं बांधलं. तुमच्या शेतात तिसरी ओळ नाय." कुणी तिला बोललं, कुणी नुसतंच ऐकून घेतलं. एका म्हातारीनं शिव्यांची लाखोली वाहिली. काकी ती संपेपर्यंत उभी राहिली आणि म्हणाली, "व्हय. आता भिजत घाल वाल. उद्या येते."

पद्माकर म्हणाला, "काकी, तू नसतं सांगितलंस तर लोकांनी उंदरांवर नाव घातलं असतं."

"म्हनून तर सांगितलं. उंदीर बोलायला येत नायत."

मग ती माझ्याकडे वळली. "तू लिवलंस ना, बी वाचतं? आता खरं लिव."

मला ते फार जड गेलं. आम्हाला शिकवलेलं होतं की विरोधकाच्या हाती कोलीत द्यायचं नाही. चूक कबूल करणं म्हणजे चळवळ मागे नेणं. मी दोनदा लिहिलं, दोन्ही वेळा त्यात व्यवस्था आली, धोरण आलं. काकीनं दोन्ही ऐकली आणि म्हणाली, "ह्यात राख कुटं हाय?" तिसऱ्यांदा मी लिहिलं: मागच्या पत्रकात बियाणं वाचतं असं मी लिहिलं, ते खोटं होतं. राखेतले वाल पेटीत घालू नका. आधी सुपात पाखडा, कोरड्या फडक्यानं पुसा. पेटीचं झाकण घट्ट आहे का बघा. यंत्र दवात ठेवू नका. पेटीतले वाल खाली उतरत नसतील तर ट्रॅक्टर थांबवा.

एवढंच. धिक्कार नाही, निषेध नाही. माझं ते एकच पत्रक कुणी फेकलं नाही. आजही आमच्याकडे बियाण्याच्या डब्यांवर ते चिकटवलेलं दिसेल. शेजारच्या गावांतून लोक मागायला आले. त्यानंतर मी जे काही लिहिते त्याच्यावरून आधी एकदा काकीचं बोट फिरवून घेते. मला लिहायला शिकवणाऱ्या पुष्कळ थोर माणसांची नावं मी भाषणात घेते. खरं शिकवलं ते या बाईनं, आणि मी हे कुठल्या भाषणात कधी बोललेले नाही.

वरची ओल तोवर उडाली होती. बायांनी रात्रभर भिजवलेले वाल घेतले, टोकदार काठीनं खोल भोक पाडायचं, दाणा टाकायचा, वर तांब्याची धार. कुणी शिफ्टवरून उतरून थेट शेतात यायच्या. काकी सगळ्यांत पुढे. नऊ घरांच्या तिसऱ्या ओळी झाल्या तेव्हा तिच्या स्वतःच्या शेतात भिजल्या दाण्यालाही वर यायला ओल उरली नव्हती. आपली तिसरी ओळ तिनं तशीच सोडली.

पाहणीला साहेब आले तेव्हा वाल फुलावर होते. दोन ओळी गुडघ्याला लागणाऱ्या, तिसरी वीतभर, सगळीकडे तसंच. साहेब बांधावर उभे राहिले. त्यांच्याबरोबर गोदामवाल्यांचा माणूस होता, पांढऱ्या बुटांचा. तो म्हणाला, "सर, पाहणीपुरतं आणून लावलेलं दिसतंय. बघा ना, एक ओळ उंच, एक बुटकी."

मी भाषण पाठ करून आले होते. तोंड उघडलंही. पण साहेबांनी विचारलं होतं काकीला, कारण ती समोर होती. "हे असं का?"

काकीनं सांगितलं. राख, दव, सुतळी, तिसरी पेटी, सगळं. पद्माकरला पाठवून चकती आणवली, आणि एका खळग्यात मुद्दाम ठेवलेली ती राख दाखवली. म्हणाली, "साहेब, हात लावा." साहेबांनी हात लावला. मग ती त्यांना आपल्या शेतात घेऊन गेली, जिथं तिसरी ओळ अजून मोकळी होती.

"ही माजी. इतं भरायला ओल उरली नाय."

पांढऱ्या बुटांचा माणूस हसत म्हणाला, "म्हणजे ताई, तुम्हीच कबूल करताय, पेरणी फसली."

"फसली ना. पेरली म्हनून फसली. पडीक जमिनीत काय फसतंय?"

साहेबांनी वाकून त्या मोकळ्या ओळीतली माती बोटानं उकरून पाहिली. मग त्यांनी कारकुनाला लिहायला सांगितलं, आणि मी खांद्यावरून वाकून वाचलं. रब्बी, वाल, ओळीत पेरणी, उभे पीक. माझ्या सगळ्या पत्रकांनी जे झालं नव्हतं ते एका बाईनं आपली चूक दाखवून करून घेतलं. गोदामांचं प्रकरण अजून संपलेलं नाही, ते इतक्यात संपणारही नाही. पण आमच्या जमिनीपुढचा तो 'पडीक' शब्द गेला आहे, आणि तेव्हापासून दर वर्षी तिथं वाल आहेत.

त्यानंतर यंत्र काकीच्याच गोठ्यात राहिलं. तिला पुढे दुसऱ्या ठेकेदाराकडे काम मिळालं, त्याच पावडरीत. सुट्टीच्या दिवशी ती यंत्राजवळ असायची. हंगाम संपला की चकत्या काढून धुवायच्या, सुपात वाळवायच्या, डब्यात घालायच्या. नळ्यांत सायकलच्या पंपानं हवा मारायची. फाळांना ट्रॅक्टरचं जळकं तेल चोळायचं. साखळी रॉकेलमध्ये बुडवून, ग्रीस लावून, जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत बाळंतिणीसारखी गुंडाळून ठेवायची. चाकं विटांवर, जमिनीपासून वर, कारण आमच्या पावसात चार महिने उभं लोखंड म्हणजे पापड. तिसऱ्या पेटीची बिजागरी तिनं पहिल्याच उन्हाळ्यात पेणला नेऊन बसवून आणली होती. ती सुतळी मात्र टाकली नाही, गोठ्याच्या खुंटीला बांधली. पद्माकर म्हणायचा, "काकी, ही काय गंडा-दोरा?" ती म्हणायची, "व्हय. 'मग करू' म्हनताना दिसली पायजे."

मी तिला शेवटची बघितली ती गेल्या पेरणीच्या आधी. खोकला तोवर फार वाढला होता. दुसऱ्या दिवशी तिला मुंबईच्या इस्पितळात न्यायचं ठरलं होतं, आणि कशामुळे झालं या रकान्यात पेणच्या डॉक्टरांनी धुराच्या चुलीचं नाव लिहिलं होतं. मी तो कागद हातात घेऊन तणतणत अंगणात आले तर घरात कुणी नाही. काकी गोठ्यात होती. यंत्र विटांवर, खाली गोणपाट पसरलेलं, तिन्ही पेट्यांत पुसलेले वाल, आणि चाकापाशी पद्माकर.

"तो कागद ठेव गो," ती म्हणाली. "त्याच्याशी आपन भांडू. आदी हे ऐक."

पद्माकरनं चाक फिरवायला सुरुवात केली. काकी तिसऱ्या पेटीच्या नळीला कान लावून वाकली. तिला उबळ आली होती, खांदे हलत होते. तिनं पदराचा बोळा तोंडात दाबून धरला आणि श्वास रोखला. एक फेरा. दुसरा. तिचा चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं, पण ती हलली नाही. पद्माकर थांबायला लागला तर तिनं हातानंच त्याला चालू ठेवायला सांगितलं. तिसऱ्या फेऱ्याला मलाही ऐकू यायला लागलं, गोणपाटावर एकेक दाणा, सारख्या अंतरानं.

तिनं हात वर केला. चाक थांबलं.

"पडतोय," ती म्हणाली, आणि मग खोकली.